असर ते मगरिब : स्वयंपाकघरातला दीड तास आणि घरातली लहान मुले

रमजानमध्ये असरची नमाज झाली की आपल्या घरांत एकच गडबड सुरू होते. कांदा चिरायचा, बेसन भिजवायचे, फळे कापायची, शरबत करायचे, शेजारी पाठवायची प्लेट वेगळी काढायची. पोटात पहाटेपासून काही नाही, घसा कोरडा, आणि नेमके याच वेळी घरातले तीन वर्षांचे लेकरू दुपट्टा धरून मागे मागे फिरू लागते. हनफी वेळेप्रमाणे आपल्याकडे असर ते मगरिब साधारण दीड तास मिळतो. कोकणातल्या शाफई घरांत असर लवकर होते, म्हणून तिकडच्या बायकांना जास्त वेळ मिळतो असे कुणी समजू नये. काम तेवढेच असते आणि पोरेही तेवढीच असतात.

मी प्राथमिक शाळेत शिकवते. रमजानच्या आधी होणाऱ्या पालकसभेत अभ्यासाचे बोलून झाले की आया मागे थांबतात आणि हाच प्रश्न विचारतात. "मॅडम, इफ्तारीच्या वक्ताला ह्या लहान्याचं काय करू? काम करू देत नाही." कुणी सांगते मोबाइल देते, कुणी सांगते बाहेरून कडी लावून घेते, एखादी खाली बघून सांगते की रोजा असतो, डोके फिरते, हात उठतो. घरे बहुतेकांची एक खोली आणि किचन. ओट्यापासून दोन पावलांवर झोपायची गादी. तेव्हा मुलांना "त्यांच्या खोलीत खेळायला पाठवा" असले सल्ले आपल्या उपयोगाचे नाहीत. आपल्या घरांत जे होऊ शकते तेवढेच इथे लिहिते.

आधी हे बघा की मूल याच वेळेला का चिकटते. निम्म्या वेळा उत्तर सोपे असते, त्याला भूक लागलेली असते. रोजा आपल्याला आहे, त्याला नाही. घरात दुपारचा स्वयंपाक नसतो, मोठे कुणी जेवत नाही, म्हणून लहानाचे दुपारचे जेवण कधी बाराला, कधी दोनला, कधी नुसत्या बिस्किटावर भागते. पाच वाजता घरभर भज्यांचा वास सुटला की ते बेचैन होणारच. म्हणून असरची तयारी करण्याआधी, म्हणजे साडेचार-पावणेपाचला, त्याला नीट बसवून पोटभर खाऊ घाला. खिचडी, दूध-पोळी, केळे, उकडलेले अंडे, काहीही चालेल. इफ्तारीला ते पुन्हा चार घास खाईल, त्याची काळजी नको. एवढे एकच केले तरी बऱ्याच घरांतली अर्धी किरकिर कमी होते, हा मी ऐकलेल्या आयांचा अनुभव आहे.

दुसरे कारण झोप. सेहरीला भांड्यांचा आवाज झाला की लहानेही उठून बसते आणि "मैं बी सेहरी करूंगी" म्हणून दस्तरख्वानवर येते. मोठ्यांना त्याचे कौतुक वाटते. पण पहाटे साडेचारला उठलेले मूल दुपारी झोपले नाही तर संध्याकाळी त्याचे आणि तुमचेही हाल होतात. जोहरनंतर आपण स्वतः जरा आडवे होतो, तेव्हाच त्याला जवळ घेऊन झोपवा.

आणि तिसरे कारण, जे आया सहसा धरत नाहीत. आई दिवसभर घरात असते, पण मुलाकडे तिचे लक्ष किती वेळ असते? तिलावत, धुणे, शिलाई, मधेच फोन. संध्याकाळी ती ओट्याकडे तोंड करून उभी राहते, म्हणजे मुलाला तिची फक्त पाठ दिसते. ते रडते ते खेळणे नाही म्हणून रडत नाही. त्याला आपल्याजवळ यायचे असते. त्यामुळे नवे खेळणे दिले तर पाच मिनिटे टिकते आणि पुन्हा दुपट्टा ओढला जातो. यावर मी आयांना एक साधी गोष्ट सुचवते. कामाला लागण्याआधी दहा मिनिटे नुसते मुलाजवळ बसा, मांडीवर घ्या, बोला, फोन लांब ठेवा. मग त्याला सांगा, आता अम्मी इफ्तारी करणार, तू माझ्यासोबत हे काम करायचे. ज्या मुलाचे मन भरलेले आहे ते जरा लांब बसू शकते.

मुलाला गुंतवणे आणि मुलाला काम देणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि दुसरी जास्त टिकते. हे माझे मत नाही, बालशिक्षणात शंभर वर्षांपासून माहीत असलेली गोष्ट आहे. मारिया मॉन्टेसरी यांनी १९०७ साली रोममध्ये गरीब वस्तीतल्या मुलांसाठी पहिले बालगृह सुरू केले. तिथे पाणी ओतणे, झाडणे, पुसणे, भांडी मांडणे अशी घरातलीच कामे मुलांच्या हाताच्या मापाची करून शिकवली जात. आपल्याकडे ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीला ग्रामीण मुलांसाठी काम सुरू केले, अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या, पुढे १९५७ मध्ये ते काम कोसबाडला गेले. महागडी साधने परवडणारी नव्हती म्हणून आसपास मिळणाऱ्या बिया, शिंपले, पाने, माती हीच त्यांची साधने झाली. बीएडला असताना हे सगळे परीक्षेपुरते पाठ केले होते. पण विचार केला तर आपले स्वयंपाकघर हे त्याच पद्धतीचे तयार सामान आहे, विकत काही आणावे लागत नाही.

काही घरांत यावर एक आक्षेप येतो आणि तो मला मान्य आहे. दादी म्हणतात, "अनाज खेलने की चीज नहीं, रिज्क की बेअदबी होती." इंटरनेटवर पाहून मुलांना परातभर तांदूळ रंगवून खेळायला देणे मलाही पटत नाही. म्हणूनच म्हणते की खेळ देऊ नका, काम द्या. मुलाने सोललेला मटार पुलावात पडला पाहिजे, त्याने लाटलेली वेडीवाकडी पोळी तव्यावर भाजून त्याच्याच ताटात आली पाहिजे. मूल ते लगेच ओळखते. नुसते गप्प बसवायला दिलेले काम ते दोन मिनिटांत फेकते, आणि ज्या कामाची घराला गरज आहे त्यात अर्धा तास रमते.

कोणत्या वयाला काय द्यावे? चालू न लागलेल्या किंवा नुकत्याच चालणाऱ्या बाळाला काम नसते, त्याला वस्तू हव्या असतात. ओट्याखालचा सगळ्यात खालचा खण किंवा एक टोपली त्याच्या नावाची करा. त्यात स्टीलच्या वाट्या, लाकडी पळी, चहाची गाळणी, झाकणे, प्लास्टिकचा डबा. काच नको, टोकदार नको, आणि त्याच्या तोंडात मावेल इतके छोटे काही नको. ही टोपली दिवसभर बाहेर ठेवू नका, फक्त असरनंतर काढा. रोज दिसणारी वस्तू शिळी होते.

दोन-तीन वर्षांच्या मुलाला तोडायला, सोलायला, ओतायला आवडते. कोथिंबिरीची पाने खुडणे, पुदिना देठापासून वेगळा करणे, कोमट पाण्यात भिजवलेल्या लसणाच्या पाकळ्या सोलणे ही कामे त्याची. निम्मी पाने खाली पडतील, ती पडू द्या. खाली जुनी चादर घाला, शेवटी चारी टोके धरून उचलली की झाले. पाणी हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त टिकणारा उद्योग आहे. परातीत दोन पेले पाणी, एक छोटा गडवा आणि दोन कप दिले की मूल एकातून दुसऱ्यात ओतत बसते. पाणीटंचाईच्या गावांत हे पाणी नंतर कुंडीला किंवा मोरीत वापरता येते. बादलीभर पाणी मात्र ठेवू नका. लहान मूल डोके खाली करून बादलीत पडले तर त्याला स्वतःला वर येता येत नाही.

शरबतासाठी सब्जा भिजवायचा असतो. हे काम तीन वर्षांच्या मुलाला दाखवून करा. काळे कोरडे दाणे, त्यावर पाणी, आणि काही मिनिटांत प्रत्येक दाण्याभोवती पांढरा फुगा. माझ्या वर्गात हा प्रयोग दाखवला की पहिलीची मुले वाटीवरून उठत नाहीत. फक्त कोरडा सब्जा तोंडात जाऊ देऊ नका, तो घशात फुगतो.

चार ते सहा वर्षांची मुले खरोखर उपयोगी पडतात. उकडलेले बटाटे आणि अंडी गार झाल्यावर सोलणे, बोथट सुरीने केळे कापणे, शरबत ढवळणे, दस्तरख्वान अंथरणे, पेले मांडणे. आणि खजूर. खजुरांच्या वाटणीत तर पहिली-दुसरीचे अर्धे गणित आहे. घरात सात माणसे, प्रत्येकाला तीन खजूर, तर किती काढायचे? सहा वर्षांचे मूल एकवीस असे पटकन सांगणार नाही, पण सात बशा मांडून प्रत्येकीत तीन तीन ठेवेल आणि मग मोजेल. गुणाकार म्हणजे काय हे त्याला फळ्याआधी बशीत कळते. फुफी आल्या, आता आठ माणसे झाली, आणखी किती लागतील? एक दिवस दोन खजूर कमी पडू द्या आणि त्यालाच विचारा की आता काय करू या.

भाषेचेही तसेच. आपली मुले घरी दखनी किंवा उर्दू बोलतात, गल्लीत मराठी ऐकतात, शाळा कुणाची उर्दू, कुणाची मराठी, हल्ली बऱ्याच जणांची इंग्रजी. मग पहिलीत आलेल्या मुलाला भाज्यांची नावे विचारली तर ते "सब्जी" या एका शब्दावर अडते, कारण त्याच्याशी नाव घेऊन कुणी बोललेलेच नसते. हातात काम असताना तोंड मोकळे असते. प्याज म्हणजे कांदा, अद्रक म्हणजे आले, हा पुदिना तो दोन्हीकडे पुदिनाच. हे पातळ, हे घट्ट, हे ओले, हे चिकट, आधी मीठ मग पाणी. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात तीन ते आठ वर्षे हा पायाभूत टप्पा धरला आहे आणि घरच्या भाषेवर भर दिला आहे. धोरण कागदावर काय म्हणते ते सोडा, कांदा सोलताना मुलाशी बोलणारी आई त्याच्या शिक्षणाचे मोठे काम करत असते, मग ती स्वतः चौथी शिकलेली का असेना.

एक लक्षात ठेवा, कच्चे मटण-चिकन मुलांच्या हातात देऊ नका आणि मळलेली कच्ची कणीक खाऊ देऊ नका. गोळा लाटायला दिला तर आधी आणि नंतर हात धुवायला लावा. नाक-कान-तोंडाचेही भान हवे. राजमा, छोले, वाटाणे असे कोरडे दाणे तीन वर्षांखालच्या मुलापुढे निवडायला ठेवू नयेत. ते नाकात घालतात आणि दाणा तिथे फुगतो. इफ्तारीतले भिजवलेले हरभरे, शेंगदाणे आणि अख्खी द्राक्षे पाच वर्षांखालच्या मुलाच्या घशात अडकू शकतात. द्राक्षाचे उभे चार तुकडे करा, खजुराची बी काढून बारीक करा. मगरिबच्या अजानला सगळ्यांचे लक्ष आपापल्या घासाकडे असते, तेव्हाच लहान्याने काय तोंडात घातले ते कुणी बघत नाही.

आता तळणाचे. इथे मी कुणाचे ऐकून घेत नाही. भजी तळायचे तेल १७० ते १९० अंशांच्या आसपास असते, म्हणजे उकळत्या पाण्याच्या जवळपास दुप्पट. मुलाची कातडी मोठ्यांपेक्षा पातळ असते, म्हणून तेवढ्याच तेलाने त्याला जास्त खोल भाजते. तेल तापत ठेवले की काम, मदत, शिकवणे सगळे बंद, आणि मूल स्वयंपाकाच्या जागेबाहेर. खोली एकच असेल तर जमिनीवर खडूने किंवा रंगीत चिकटपट्टीने रेघ ओढा, ओट्यापासून निदान चार फुटांवर. पहिल्या रोजापासून एकच नियम, तेल चढले की रेघेपलीकडे. रोज तोच नियम पाळला तर तीन वर्षांचे मूलही तो शिकते. मात्र पाच दिवस पाळला आणि सहाव्या दिवशी "जाऊ दे" केले तर रेघेला काही अर्थ उरत नाही. दीड-दोन वर्षांच्या मुलाला मात्र रेघ कळत नाही, त्याला त्या वेळात कुणीतरी धरून बसायलाच हवे.

पुष्कळ घरांत गॅस ओट्यावर नसतो, जमिनीवर किंवा ठेंगण्या स्टुलावर असतो. तिथे तर कढईचा काठ मुलाच्या छातीच्या उंचीला येतो. शक्य असेल तर रमजानआधी एवढी एक सोय करा, गॅस उंचावर घ्या. नसेलच जमत तर तळण मूल घरात नसताना करा. बाकी सगळ्यांसाठी, कढई नेहमी मागच्या बर्नरवर, दांडे भिंतीकडे वळवलेले, मिक्सर आणि इलेक्ट्रिक केटलची वायर खाली लोंबत नको, विळी वापरून झाली की मिटून वर. दुपट्टा कमरेला घट्ट खोचा किंवा सुती ओढणी घ्या, नायलॉन पेटला तर अंगाला चिकटतो. मूल कडेवर घेऊन कढईपाशी उभे राहू नका, चहा गाळूसुद्धा नका. गरम चहा कपात ओतून पाव तास झाला तरी लहान मुलाला भाजू शकतो, आणि हे बऱ्याच जणांना ठाऊक नसते. कढईने पेट घेतला तर गॅस बंद करा आणि वर झाकण टाका. पाणी कधीही ओतू नका.

दस्तरख्वान जमिनीवर असतो हेही विसरता कामा नये. हलीम, खिचडा, गरम शोरबा असलेले पातेले मधोमध ठेवतात आणि रांगणारे बाळ कापडाचे टोक ओढते. गरम पातेले मोठ्या माणसाच्या उजव्या हाताशी ठेवा, तिथूनच वाढा.

इतके सगळे करूनही कधी भाजलेच तर पहिली वीस मिनिटे महत्त्वाची. भाजलेला भाग वाहत्या गार पाण्याखाली पूर्ण वीस मिनिटे धरा. नळाला पाणी नसेल तर तांब्याने सारखे ओतत राहा. बांगडी, अंगठी, ताईत, काळा दोरा लगेच काढा, कारण सूज येते. कपडा काढा, पण कातडीला चिकटला असेल तर ओढू नका. बर्फ नको. टूथपेस्ट, हळद, तूप, शाई, अंड्याचा पांढरा भाग यातले काहीही नको. या वस्तूंनी उष्णता आत कोंडते, जखम दूषित होते आणि डॉक्टरांना आधी ते सगळे खरवडून काढावे लागते. पाणी ओतताना बाकीचे अंग कोरडे आणि उबदार ठेवा, लहान मूल पटकन गारठते. मग स्वच्छ ओल्या नसलेल्या कापडाने सैल झाका आणि दवाखाना गाठा. मुलाच्या स्वतःच्या तळहातापेक्षा मोठे भाजले असेल, किंवा चेहरा, हात, पाय, सांधा, लघवीची जागा यांपैकी कुठे असेल, तर छोटे दिसले तरी थांबू नका. १०८ ला फोन करा. इफ्तार नंतर होईल.

तळणाचा प्रश्न आला की मी आणखी एक विचारते आणि बायका हसतात. रोज तीन प्रकारचे तळण कशासाठी? कांदाभजी, समोसे आणि वर पुन्हा कटलेट. एक प्रकार करा, बाकी फळे, दहीवडे, चना चाट. ओट्यापाशी अर्धा तास कमी उभे राहावे लागेल आणि घरात गरम तेलही अर्धा तास कमी राहील. समोशाच्या पट्ट्या भरणे, कबाबचे गोळे वळणे ही कामे जोहरआधी होऊन फ्रिजमध्ये जाऊ शकतात. कांदा-टोमॅटोचे वाटण आठवड्याचे करून ठेवणाऱ्या बायका मला माहीत आहेत. असरनंतर त्यांना फक्त शेवटचा हात फिरवायचा असतो.

मोबाइलबद्दल लोक मला ठराविक उत्तराच्या अपेक्षेने विचारतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये पाच वर्षांखालच्या मुलांसाठी सूचना दिल्या. दोन वर्षे पूर्ण होईपर्यंत पडदा नकोच, दोन ते चार वर्षांत दिवसाला जास्तीत जास्त एक तास, त्याहून कमी असेल तर चांगले. हा नियम बरोबर आहे. पण घरात दुसरे मोठे माणूस नाही, कढई चढली आहे आणि तीन वर्षांचे मूल ओट्याकडे धावते आहे, तर त्या वीस मिनिटांपुरता मोबाइल परवडतो, भाजणे परवडत नाही. फक्त काय बघायचे ते तुम्ही आधी ठरवा, पुढचा व्हिडिओ आपोआप सुरू होण्याची सोय बंद करा, आणि फोन मुलाच्या हातात देण्याऐवजी रेघेपलीकडे भिंतीला टेकवून ठेवा. तळण संपले की फोन बंद. माझा आक्षेप असरपासून तरावीहपर्यंत चालणाऱ्या मोबाइलला आहे. त्याच्यापायी मूल इफ्तारीचा घासही पडद्याकडे बघतच गिळते.

दादी किंवा नानी घरात असतील तर मोबाइलची गरजच पडत नाही. त्यांना ओट्याजवळ उभे करू नका. त्यांना मुलापाशी बसवा. नबियांचे किस्से, त्यांच्या लहानपणीची गावची इफ्तारी, तोप वाजायची की नगारा, हे त्यांनाच सांगता येते.

शेवटी ज्या गोष्टीसाठी हे लिहायला घेतले ती. ओट्यापाशी अम्मी आणि लहान्याला सांभाळायला कोण? बहुतेक घरांत मोठी मुलगी. दहा-अकरा वर्षांची. तिचा भाऊ तिच्याहून दोन वर्षांनी मोठा असला तरी असरनंतर तो मैदानावर असतो. रमजानच्या महिन्यात पाचवी-सहावीच्या वह्या तपासताना मला कळते कुणाच्या घरी लहान भाऊ आहे ते. मुलींच्या वह्या अर्ध्या राहतात, मुलांच्या नाही. गेली काही वर्षे रमजान फेब्रुवारी-मार्चमध्ये येतो आहे, म्हणजे दहावी-बारावीच्या परीक्षांच्या ऐन काळात. परीक्षेला बसलेल्या मुलीच्या कडेवर लहान भाऊ आणि समोर भूमितीचे पुस्तक, हे मी पाहिले आहे.

अब्बा त्या वेळी कुठे असतात? काही कामावर असतात, त्यांचा प्रश्न वेगळा. पण जे घरी असतात ते असर पढून बाजारात जातात, खजूर, बर्फ आणि रेडीमेड समोसे घ्यायला तासभर फिरतात आणि अजानच्या पाच मिनिटे आधी येऊन विचारतात, "हो गया क्या?" हजरत आयशा (रजि.) यांची रिवायत सहीह बुखारीत आहे, प्रेषित मुहम्मद (सल्ल.) घरात असताना घरच्यांच्या कामात असत आणि नमाजची वेळ झाली की नमाजला जात. हे जुम्याच्या बयानात आपण सगळ्यांनी ऐकलेले आहे. भजी तळा असे मी पुरुषांना म्हणत नाही, तळली तर हरकतही नाही. तळणाच्या त्या अर्ध्या तासात लहान्याला घराबाहेर न्या. बाजारात नेले तर सोबत चालवा, काय घेतले ते त्याला सांगा, खजुराची पिशवी त्याच्या हातात द्या. बाजारात गर्दी असेल तर गच्चीवर न्या, कबुतरे दाखवा, आभाळ कसे रंग बदलते ते दाखवा, अजान कुठून कुठून ऐकू येते ते ओळखायला लावा. मशिदीच्या अंगणात मुले चालत असतील तर तिथे. आणि बारा वर्षांचा भाऊ असेल तर आठवड्यातले तीन दिवस त्याचे.

एका आईने मागच्या रमजानमध्ये फ्रिजवर कागद लावला होता. वार लिहिलेले, आणि प्रत्येक वारापुढे नाव. सोमवार अब्बा, मंगळवार भाई, बुधवार अब्बा, गुरुवार आपा, असे. आपाचे नाव आठवड्यात एकदाच, आणि परीक्षेच्या आठवड्यात तेही खोडलेले. अब्बांनी पहिले चार दिवस कुरकुर केली असे ती सांगत होती. पाचव्या दिवशी लहानीच असरच्या वेळी चपला घेऊन दारात उभी राहिली.